अनुशेष (महाराष्ट्रातील प्रादेशिक विकास)

अनुशेष : रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य अशा सार्वजनिक सोयींमध्ये राज्याचा एखादा भाग ठरलेल्या मापापेक्षा जेवढा मागे असतो, तेवढी भरून काढायची राहिलेली तूट. सरकारी मराठीत राखीव जागांवरील न झालेल्या भरतीलाही अनुशेषच म्हणतात. मात्र विदर्भात किंवा मराठवाड्यात नुसता ‘अनुशेष’ म्हटले की तो विकासाचा, आणि त्यातही बहुधा सिंचनाचा, हे ऐकणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

या तुटीची मुळे राज्याच्या जडणघडणीत आहेत. मराठवाडा हैदराबाद संस्थानातून आला, विदर्भ जुन्या मध्य प्रांतातून, आणि पश्चिम महाराष्ट्र व कोकण मुंबई राज्यातून. तिन्हीकडची महसूलव्यवस्था, शाळा, कालवे आणि रस्ते निरनिराळ्या राजवटींत घडले होते. एकत्र येताना मागे पडण्याची भीती बोलून दाखवली गेली आणि २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला. लोकसंख्येच्या प्रमाणात निधी, मराठवाड्याकडे विशेष लक्ष आणि दरवर्षी ठरावीक काळ शासनाचा मुक्काम नागपुरात, ही त्यातली प्रमुख कलमे. विधिमंडळाचे नागपूर अधिवेशन त्यातूनच आले. पुढे संविधानाच्या अनुच्छेद ३७१(२) मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी स्वतंत्र विकास मंडळांची तरतूद झाली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र स्थापन झाला, पण ही मंडळे प्रत्यक्षात यायला त्यानंतर आणखी ३४ वर्षे जावी लागली.

तोवर मागासलेपणाची तक्रार होती, तिचा आकडा नव्हता. तो काढण्यासाठी १९८३ साली अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमण्यात आली. तिचा अहवाल १९८४ मध्ये आला. समितीने जिल्हा हे एकक धरले, नऊ क्षेत्रे निवडली आणि प्रत्येक क्षेत्रात राज्याची सरासरी हे माप ठरवले. सरासरीच्या खाली जो जिल्हा जेवढा, तेवढा त्याचा अनुशेष.

ही आकडेमोड जवळून पाहावी अशी आहे. केवळ समजण्यापुरते उदाहरण घेऊ. राज्यात पेरणीखालच्या दर १०० हेक्टरांमागे २५ हेक्टरांना सिंचनाची सोय आहे आणि एका जिल्ह्यात १५ हेक्टरांनाच. त्या जिल्ह्याचे निव्वळ पेरणीक्षेत्र ४ लाख हेक्टर असेल, तर त्याचा अनुशेष ४० हजार हेक्टरांचा. हा झाला भौतिक अनुशेष. एका हेक्टरापर्यंत पाणी न्यायला येणाऱ्या खर्चाने त्याला गुणले की आर्थिक अनुशेष निघतो. पण ‘एक हेक्टर’ म्हणजे नेमके काय? बारमाही उसाच्या एका हेक्टराला लागणाऱ्या पाण्यात रब्बीची कित्येक हेक्टर पिके निघतात. साधे क्षेत्र मोजले, तर उसाचा जिल्हा भरपूर पाणी वापरूनही कागदावर कमी सिंचित दिसेल. म्हणून सिंचनाचा हिशेब रब्बी समतुल्य हेक्टरांत, म्हणजे तेवढ्या पाण्यात रब्बीची किती हेक्टर पिके निघतील या मापाने, केला जातो. बाहेरून केवळ तांत्रिक वाटणारी ही एक निवड कोणाला किती पाणी आणि पैसा मिळावा हे बदलून टाकते. त्यामुळे माप ठरवणाऱ्यांत कोण बसले आहे, हा प्रश्न अनुशेषाच्या चर्चेत कधीच दुय्यम नव्हता.

दांडेकर समितीने एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा काढला. त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के, मराठवाड्याचा सुमारे साडेतेवीस टक्के आणि उर्वरित महाराष्ट्राचा ३७ टक्क्यांहून थोडा अधिक. शेवटचा आकडा अनेकांना खटकला. त्याचे कारण पद्धतीत आहे. सरासरीच्या वरच्या जिल्ह्याची आघाडी शेजारच्या जिल्ह्याच्या तुटीतून वजा होत नाही, त्यामुळे कोकणातील आणि अवर्षणप्रवण जिल्ह्यांची तूट ‘उर्वरित’च्या खात्यात पूर्ण उतरते. ही पद्धत चुकीची म्हणता येत नाही. उलट, पुढारलेल्या प्रदेशातही मागासलेले जिल्हे असतात हे तिने उघडे केले. शासनाने अहवाल औपचारिकपणे स्वीकारला नाही, तरी नंतरचा प्रत्येक वाद त्याच्याच भाषेत झाला.

२६ जुलै १९८४ रोजी विधिमंडळाने विकास मंडळांसाठी ठराव केला. राष्ट्रपतींचा आदेश ९ मार्च १९९४ चा, आणि १ मे १९९४ पासून तिन्ही मंडळे अस्तित्वात आली. मंडळावर विधिमंडळ सदस्य, स्थानिक स्वराज्य संस्थेचा प्रतिनिधी, नियोजन, वित्त, सिंचन, शेती, शिक्षण अशा विषयांचे जाणकार आणि विभागीय आयुक्त यांना एकत्र बसवण्याची रचना होती. लोकांनी निवडून दिलेला, विषय जाणणारा आणि अंमलबजावणी करणारा, असे तिघे एका टेबलाशी यावेत, ही कल्पना मोलाची होती. मंडळाने तूट मोजायची, खर्चाची पातळी सुचवायची आणि दरवर्षी अहवाल द्यायचा. निधीच्या न्याय्य वाटपाची विशेष जबाबदारी राज्यपालांची. मंडळाला स्वतः पैसा वाटण्याचा अधिकार मात्र नव्हता. सल्ला मंडळाचा, निर्देश राज्यपालांचा, अर्थसंकल्प मंत्रिमंडळाचा आणि काम खात्याचे, अशी ही साखळी होती. तिच्यातली एक कडी सैल पडली की शिफारस फायलीतच राहायची.

राज्यपालांनी नेमलेल्या निर्देशांक व अनुशेष समितीने १ एप्रिल १९९४ ची स्थिती धरून पुन्हा मोजणी केली. या वेळी आकडा सुमारे १४,००७ कोटी रुपयांचा आला आणि त्यात विदर्भाचा हिस्सा जवळपास निम्मा, ४७ टक्क्यांच्या आसपास होता. दहा वर्षांत अनुशेष चौपटीहून अधिक झाला, असे यावरून सरसकट म्हणता येणार नाही, कारण किमती बदलल्या होत्या आणि मोजण्याची पद्धतही. तरीही एक गोष्ट खरी आहे. पुढारलेले जिल्हे थांबून राहत नाहीत, त्यांच्याबरोबर सरासरीही वर सरकते. म्हणून अनुशेष नेहमी एखाद्या तारखेला बांधून मोजावा लागतो, आणि त्या तारखेनंतर वाढलेले अंतर हिशेबाबाहेर राहते.

सिंचनात याहून कठीण अनुभव आला. तरतूद झाली, खर्च झाला आणि आर्थिक अनुशेष संपल्याची नोंद झाली, पण अमरावती, अकोला, वाशीम आणि बुलढाणा जिल्ह्यांत भौतिक अनुशेष उरलाच. भूसंपादन, वनजमिनींची परवानगी, पुनर्वसन, वर्षागणिक फुगणारा प्रकल्पखर्च, अभियंत्यांची रिक्त पदे, ही त्यामागची कारणे. धरण बांधून झाले आणि वितरिका (मुख्य कालव्यातून शेतांकडे पाणी नेणारे छोटे कालवे) अपुऱ्या राहिल्या, तर खर्चाचा रकाना भरतो, शेत कोरडेच राहते. माझ्या मते भौतिक आणि आर्थिक अनुशेष वेगळे नोंदवण्याचा आग्रह हे या साऱ्या खटाटोपातले सर्वांत उपयोगी फलित आहे. कृषिपंपांच्या वीजजोडण्यांबाबतही असाच आग्रह धरावा लागला, कारण शेतकऱ्याला मंजूर रक्कम दिसत नाही, पंपापर्यंत आलेली तार दिसते.

२०११ मध्ये विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखाली समतोल प्रादेशिक विकासासाठी उच्चस्तरीय समिती नेमली गेली. तिने २०१३ मध्ये अहवाल दिला. जिल्ह्याऐवजी तालुक्यापर्यंत उतरावे आणि निव्वळ अनुशेषाच्या पलीकडे जाऊन पाहावे, असा तिचा रोख होता. २०११ मध्येच मंडळांच्या नावातील ‘वैधानिक’ हा शब्द गेला. वेळोवेळी वाढवलेली त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यांच्या पुनर्गठनाचा निर्णय घेतला.