सहा घरं आणि एक लाख तीस हजार माणसं

१२ जानेवारी २०१० ला हैती भूकंपाने हादरलं आणि जगभरातून मदतीचा ओघ सुरू झाला. एकट्या अमेरिकन रेड क्रॉसकडे जवळपास ५० कोटी डॉलर जमले. पाच वर्षांनी प्रोपब्लिका आणि एनपीआर या माध्यमसंस्थांच्या पत्रकारांनी त्या पैशांचा माग काढला. १ लाख ३० हजारांहून अधिक लोकांना घरं मिळाली, असं संस्थेचं म्हणणं होतं. संस्थेने बांधलेली पक्की घरं निघाली सहा. संस्थेने या बातमीला आक्षेप घेतला. पण त्या मोठ्या आकड्यात कोण कोण होतं? तात्पुरत्या निवाऱ्यात राहिलेले, काही दिवसांचं घरभाडं मिळालेले आणि घराची डागडुजी कशी करावी याच्या प्रशिक्षणाला येऊन बसलेलेसुद्धा.

हे वाचून ‘सगळे मेले चोर’ म्हणून हात झटकणं सोपं आहे. मला मात्र इथे मोजणीतला घोळ जास्त महत्त्वाचा वाटतो. किती वाटलं, किती लोक आले, हे वहीत लिहिता येतं. पण कोणाचं काय बदललं, हे लिहायचं तर आधी एका अवघड प्रश्नाला भिडावं लागतं: ही मदत पोचलीच नसती, तर काय झालं असतं?

केनियातल्या बुसिया भागात १९९०च्या दशकाच्या मध्यावर नेमकं हेच तपासलं गेलं. एका स्वयंसेवी संस्थेला शाळांना पाठ्यपुस्तकं द्यायची होती आणि सगळ्या शाळांना एकदम पुरतील एवढी पुस्तकं नव्हती. अर्थशास्त्रज्ञ मायकेल क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अडचणीचाच प्रयोग केला. १०० शाळा घेतल्या आणि पुस्तकं आधी कोणाला, नंतर कोणाला, हे मुख्याध्यापकांच्या वशिल्यावर न सोडता जवळजवळ चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. त्यामुळे दोन्ही गट सुरुवातीला सारखेच होते; पुढे फरक पडला असता तर तो पुस्तकांचाच. पण सरासरी गुणांत फरक पडलाच नाही. जी मुलं आधीच पुढे होती, ती आणखी पुढे गेली. बाकीची होती तिथेच राहिली. कारण कळल्यावर कपाळावर हात मारावासा वाटतो. पुस्तकं इंग्रजीत होती आणि त्यातल्या बहुतेक मुलांची इंग्रजी ही तिसरी भाषा होती.

आता या संस्थेचा ताळेबंद डोळ्यांसमोर आणा. पैसा चोख खर्च झाला, पुस्तकं खरोखर शाळेत पोचली. देणगी देताना आपण हमखास विचारतो की व्यवस्थापनावर किती टक्के जातात. त्या कसोटीवर ही संस्था बहुधा पैकीच्या पैकी गुण मिळवून गेली असती. उलट परिणाम तपासायला माणसं नेमावीत, तर तो खर्च अनेकदा व्यवस्थापनातच धरला जातो. (म्हणजे स्वतःची चूक शोधणारी संस्था कागदावर उधळी दिसते!) पैसे खाणाऱ्यांना पकडायला ही टक्केवारी कामाची आहे, त्यापलीकडे फारशी नाही.

अशा चाचण्यांनी काही ठाम समजुतीही मोडल्या. फुकटच्या वस्तूची किंमत नसते, असं आपण सहज म्हणून जातो. जेसिका कोहेन आणि पास्कलिन द्युपा या अर्थशास्त्रज्ञांनी केनियातल्या गर्भवती स्त्रियांना मच्छरदाण्या काही दवाखान्यांत मोफत, तर काही दवाखान्यांत थोडे पैसे घेऊन देवविल्या. किंमत शून्यावरून जेमतेम ६० सेंटवर नेली, तर दाणी घेणाऱ्यांचं प्रमाण ६० टक्के-बिंदूंनी कोसळलं. फुकट मिळालेली दाणी मात्र विकत घेतलेल्या दाणीइतकीच वापरली जात होती.

मोठ्या संस्थेचं मोठेपण कामाला येतं ते इथे. मच्छरदाणी कुठेही टांगली तरी डास अडवते, त्यामुळे उपाय सिद्ध झाला की उरतं ते लाखोंनी वाटण्याचं काम. त्याला गोदामं, ट्रक आणि वर्षानुवर्षं टिकणारा पैसा लागतो. २०१५ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अंदाजानुसार २००० पासूनच्या पंधरा वर्षांत आफ्रिकेत मलेरियाची ६६ कोटींहून अधिक आजारपणं टळली. त्यातला सुमारे दोन तृतीयांश वाटा मच्छरदाण्यांचा होता. एड्स, क्षयरोग आणि मलेरियाविरुद्ध जगभर पैसा पुरवणाऱ्या ग्लोबल फंडासारख्या अवाढव्य संस्थांच्या पैशाशिवाय इतक्या दाण्या पोचल्या नसत्या.

पण मोठा हात चुकला की चूकही तेवढीच मोठी होते. १९७०च्या दशकात युनिसेफ आणि सरकारने बांगलादेशात कूपनलिका खोदायला सुरुवात केली. तळ्यांचं पाणी पिऊन मुलं जुलाबाने मरत होती, म्हणून जमिनीखालचं जंतूविरहित पाणी वर आणायचं. हेतू उत्तम होता, विज्ञानही त्या काळापुरतं बरोबर होतं. आर्सेनिक या विषाची तपासणी तेव्हाच्या नेहमीच्या चाचण्यांत नव्हती. १९९३ मध्ये ते पाण्यात सापडलं, तोवर कोट्यवधी लोक तेच पाणी पीत होते. ते दिसत नाही, त्याला चव नसते आणि शेजारच्या दोन नळ्यांतलं प्रमाणही वेगवेगळं असू शकतं. मग तपासनीस दारोदार गेले. सुमारे ५० लाख कूपनलिकांचं पाणी एकेक करून तपासलं गेलं. जिचं पाणी चाललं तिच्या तोंडाला हिरवा रंग, नाही चाललं तिच्या तोंडाला लाल. दर दहांतल्या साधारण तीन नळ्या लाल झाल्या.