फुक्स डिस्ट्रॉफी : नवे उपचार

फुक्स डिस्ट्रॉफी हा पारपटलाचा (कॉर्नियाचा) आनुवंशिक विकार आहे. व्हिएन्नाचे नेत्रतज्ज्ञ अर्न्स्ट फुक्स यांनी १९१० मध्ये त्याचे वर्णन केले. बहुसंख्य रुग्ण पन्नाशीच्या पुढचे असतात. त्यांत स्त्रिया अधिक.

पारपटलाच्या आतल्या बाजूला पेशींचा एकपदरी थर असतो. पारपटलात झिरपणारे पाणी या पेशी सतत उपसतात, म्हणून ते पारदर्शक राहते. माणसाच्या डोळ्यात त्या मेल्या की त्यांची जागा घ्यायला नव्या पेशी सहसा तयार होत नाहीत. या विकारात त्या अकाली मरतात आणि पारपटल सुजून धूसर होते. रात्रभर पापण्या मिटलेल्या असल्याने पाणी उडून जात नाही, त्यामुळे सकाळी धुरकट दिसते आणि दिवस चढेल तसे निवळते. असे होत असेल, तर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना आवर्जून सांगावे. त्या शस्त्रक्रियेतही याच पेशींना इजा पोहोचते.

पूर्वी मिठाच्या पाण्याचे तीव्र थेंब आणि शेवटी संपूर्ण पारपटलाचे रोपण, एवढेच हाती होते. नेदरलँड्सचे खेरिट मेलेस यांनी २००६ मध्ये ‘डीमेक’ पद्धत मांडली. तिच्यात दात्याचा फक्त आतला, काही मायक्रॉन जाडीचा पापुद्रा बसवतात. तो हवेच्या बुडबुड्याने चिकटवतात, म्हणून रुग्णाला काही काळ उताणे पडून राहावे लागते. दृष्टी लवकर येते आणि रोपण नाकारले जाण्याचा धोका बराच घटतो. तरीही एका रुग्णासाठी दात्याचे एक पारपटल लागतेच, आणि खरी टंचाई तिथेच आहे.

ही अडचण क्योतोतील शिगेरू किनोशिता यांच्या गटाने सोडवली. दात्याच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून, ‘रो-कायनेज’ रोधक औषधासह (म्हणजे रो-कायनेज या विकराला, एन्झाइमला, रोखणाऱ्या औषधासह) त्या डोळ्यात टोचायच्या आणि रुग्णाला तीन तास पालथे झोपवायचे, म्हणजे पेशी खाली बसून पारपटलाला चिकटतात. पहिल्या ११ रुग्णांचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले, तर २०२३ मध्ये जपानने या उपचाराला मान्यता दिली. एका दात्याच्या पेशी अनेकांना पुरतात, हे या उपचाराचे सर्वांत मोठे मोल.

विकार मध्यभागीच असेल, तर काही रुग्णांत तेवढाच बिघडलेला पापुद्रा सोलून काढतात. कडेच्या निरोगी पेशी सरकत येऊन जागा भरतात. काचबिंदूसाठी निघालेले रिपासुडिल हे औषध त्यांना मदत करते. अनेक रुग्णांत टीसीएफ४ जनुकातील एक छोटा क्रम प्रमाणाबाहेर पुन्हा पुन्हा आलेला आढळतो. त्या मुळावरच घाव घालणाऱ्या जनुकीय उपचारांवर संशोधन चालू आहे.