‘त्याच क्षणी’ या शब्दांखालची लाल रेघ

कापसाची शेवटची वेचणी आटोपत आली असताना माझी एक जुनी विद्यार्थिनी दोनशे पानी रजिस्टर घेऊन घरी आली. पहिल्या पंधरा-वीस पानांवर कोणत्या बाईने किती किलो कापूस वेचला याच्या नोंदी होत्या आणि त्यानंतर मध्ये एकही कोरे पान न सोडता तिची पहिली कादंबरी सुरू झाली होती. ताऱ्याताऱ्यांमध्ये पसरलेली राज्ये, लढाया आणि प्रेमप्रकरणे यांच्या भव्य कथांना ‘स्पेस ऑपेरा’ म्हणतात, त्या जातकुळीची ती कथा होती. एकमेकांपासून चार प्रकाशवर्षे दूर असलेल्या दोन ग्रहांवरचे खाणकामगार, त्यांच्यावर पृथ्वीवरून हुकूम सोडणारी सत्ता, तिच्याविरुद्धचा उठाव, खाणीतली एक तरुणी, तिच्यावर जीव जडलेला यानचालक आणि भरीला काळप्रवास असा तिचा ऐवज होता. “सर, कथा जाऊ द्या, यातलं विज्ञान जमते काय तेवढं पाहून द्या,” एवढेच तिचे म्हणणे होते.

प्रेमाचा भाग तिने चोख लिहिला होता. नायक आणि नायिका दोघेही चोवीस वर्षांचे असताना नायक प्रकाशाच्या ९९ टक्के वेगाने दहा प्रकाशवर्षे दूरच्या ताऱ्याकडे जातो आणि लगेच परत फिरतो. ग्रहावर तोवर वीस वर्षांहून थोडा अधिक काळ लोटलेला असतो, परंतु या वेगाला यानातला काळ सुमारे सातपट मंद चालत असल्याने यानातल्या घड्याळात तीन वर्षेही पुरी झालेली नसतात. नायिका चव्वेचाळीस वर्षांची झालेली असते आणि समोर उभा राहिलेला नायक अजून सत्तावीसचाही नसतो. ब्रह्मलोकी जाऊन आलेल्या रेवतीला पृथ्वीवर युगे उलटलेली दिसली, ही कथा आपल्याला ठाऊक आहे. फरक एवढाच की आइन्स्टाइनने १९०५ मध्ये मांडलेल्या विशेष सापेक्षतेच्या सिद्धांतात हा हिशेब सूत्राने करता येतो आणि तो मोजूनही पाहिलेला आहे.

याचा पुरावा आपल्या तळहातावर आहे. विश्वकिरण, म्हणजे अवकाशातून येणारे वेगवान कण, हवेवर आदळल्याने साधारण पंधरा किलोमीटर उंचीवर म्युऑन नावाचे कण तयार होतात, ज्यांचे सरासरी आयुष्य एका सेकंदाच्या दहा लाखांश भागाच्या अवघे २.२ पट असते. एवढ्या अवधीत प्रकाशाच्या वेगानेही जेमतेम ६६० मीटर अंतर कापले जाते, म्हणजे बहुतेक सारे म्युऑन वरच्या वरच विरून जायला हवेत. तरीही हात आडवा धरला तर तळहातातून दर सेकंदाला एखादा म्युऑन आरपार जातो, कारण आपल्या दृष्टीने त्यांचे घड्याळ मंद चालत असते.

माणसाच्या वाट्याला आलेला असा काळप्रवास मात्र अगदीच चिमूटभर आहे. अंतराळात एकूण ८०३ दिवस राहिलेले रशियन अंतराळवीर सर्गेई क्रिकाल्योव्ह हे त्यामुळे भविष्यात पुढे गेले ते सेकंदाच्या पन्नासाव्या भागाइतके. गंमत अशी की ते मे १९९१ मध्ये सोव्हिएत नागरिक म्हणून मीर अंतराळ स्थानकावर गेले, डिसेंबरमध्ये ते राष्ट्रच विसर्जित झाले आणि मार्च १९९२ मध्ये ते उतरले तेव्हा खाली वेगळेच देश होते. ही हकीकत सांगितल्यावर तिने ती रजिस्टरच्या समासात टिपून घेतली.

घोळ होता तो उठावाच्या भागात. दोन्ही ग्रहांवरचे कामगार ‘त्याच क्षणी’ उठतात, सैनिक ‘त्याच क्षणी’ गोळीबार करतात, अशी ही शब्दजोडी बारा ठिकाणी आली होती आणि मास्तरकीच्या सवयीने मी प्रत्येक ठिकाणी लाल रेघ मारली, कारण दूरच्या दोन घटना एकाच क्षणी घडल्या की नाही हे पाहणाऱ्याच्या वेगावर ठरते.

आपल्या विदर्भातल्या, आता बंद पडलेल्या, संथ चालीच्या शकुंतला रेल्वेचेच उदाहरण घेऊ. धावत्या गाडीच्या इंजिनावर आणि शेवटच्या डब्यावर वीज पडली आणि फलाटावर या दोन जागांच्या बरोबर मध्यावर उभ्या असलेल्या माणसाला दोन्ही लखलखाट एकदम दिसले, तर दोन्ही विजा एकाच क्षणी पडल्या असे तो म्हणेल. गाडीच्या मध्यावर बसलेला प्रवासी मात्र इंजिनाकडच्या प्रकाशाला सामोरा जात असल्याने त्याला तो आधी दिसेल. आणि प्रकाशाचा वेग सर्वांसाठी सारखाच असल्याने, इंजिनावरची वीज खरोखरच आधी पडली हा त्याचा निष्कर्षही तितकाच बरोबर असेल. शकुंतलेच्या चालीला हा फरक मोजण्याची सोय नव्हती, पण यानांच्या प्रचंड वेगाला आणि ताऱ्यांमधल्या अंतरांवर तो वर्षांचा होतो.

तिच्या कादंबरीत उठावानंतर खटला चालतो आणि ‘पहिली गोळी कोणी झाडली’ यावर सारा निवाडा ठरतो. समजा, ग्रहांच्या घड्याळाप्रमाणे पहिल्या ग्रहावर कामगारांनी गोळी झाडली आणि एक वर्षाने दुसऱ्या ग्रहावर सैनिकांनी. चार प्रकाशवर्षांचे अंतर एका वर्षात ओलांडणे प्रकाशालाही शक्य नसल्याने यातली एक घटना दुसरीचे कारण असू शकत नाही. मग पहिल्याकडून दुसऱ्याकडे प्रकाशाच्या पावपटीहून अधिक वेगाने जाणाऱ्या यानातल्या साक्षीदाराच्या हिशेबी सैनिकांची गोळी आधीची ठरते आणि तो खोटे बोलत नसतो. असा खटला कोणते न्यायालय निकालात काढणार?

या पेचातून सुटण्यासाठी तिने ‘क्षणदूत’ नावाचे यंत्र कल्पिले होते, ज्याने निरोप कितीही अंतरावर तत्काळ पोचतो. “कादंबरीत एवढं चालते ना, सर?” चालते, मात्र त्याची किंमत लेखिकेला माहीत असावी. सैनिकांची गोळी सुटताना प्रकाशाच्या निम्म्या वेगाने त्याच दिशेने जाणारे यान दुसऱ्या ग्रहाजवळून गेले आणि त्याने क्षणदूतावरून बातमी पाठवली, तर यानाच्या ‘आत्ता’प्रमाणे ती पहिल्या ग्रहावर तिथली गोळी सुटण्याच्या एक वर्ष आधी पोचते. म्हणजे तत्काळ निरोप देणारे यंत्र हेच भूतकाळात जाणारे यंत्र आहे आणि तिने वेगळ्या प्रकरणात रचलेला काळप्रवास इथेच, न बोलावता, घरात शिरलेला आहे. काळ वळून स्वतःला येऊन मिळेल असे विश्व गणितज्ञ कुर्ट गडेलने १९४९ मध्ये गणिताने दाखवले होते, तर निसर्ग असे काही घडू देणार नाही असा तर्क भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंगने १९९२ मध्ये मांडला. वाद मिटलेला नाही, पण क्षणदूत ठेवायचा तर तिला यातली एक बाजू घ्यावीच लागणार होती.

तिने क्षणदूत काढून टाकला. उपाय तिला सापडला तो आमच्याच वर्धाकाठच्या कौंडिण्यपुरात. भावाने शिशुपालाशी ठरवलेले लग्न मोडायला निघालेल्या रुक्मिणीने द्वारकेला पाठवलेल्या निरोपात लग्नाच्या आदल्या दिवशी आपण देवीच्या दर्शनाला बाहेर पडू, तेव्हा यावे, असे कळवले होते. तिचा बेत समोर घडणाऱ्या प्रसंगाशी बांधलेला होता. आता कादंबरीत दोन्ही ग्रहांच्या मधोमध एक दीप पेटतो, दोन वर्षांनी त्याचा उजेड दोन्हीकडे पोचतो आणि तो दिसला की उठायचे, एवढेच ठरलेले असते. आधी कोण उठले यावर साक्षीदार अजूनही भांडतात, पण दोन्ही उठाव दीप पेटल्यानंतरचे आहेत हे सर्वांना मान्य करावे लागते; कारण आणि परिणाम यांचा क्रम कोणत्याही वेगाने पालटत नाही.

पुढच्या खेपेला तिने रजिस्टर आणले तेव्हा अकरा ठिकाणचे ‘त्याच क्षणी’ खोडलेले होते. बारावे तिने मुद्दाम ठेवले होते. यानाचे दार उघडते आणि चव्वेचाळीस वर्षांची ती व सत्तावीसचाही न झालेला तो, एकमेकांचा हात धरता येईल इतक्या जवळ, त्याच क्षणी एकमेकांना ओळखतात. एकाच जागी एकदम घडलेल्या दोन गोष्टी कोणत्याही यानातून पाहिल्या तरी एकदमच घडलेल्या असतात, तेव्हा तिथली लाल रेघ मी खोडून दिली.