डिस्क उडाली म्हणजे नक्की काय गेलं, हेड की फर्मवेअर?

कोल्हापूरच्या राजारामपुरीत आमच्या टेबलावर आठवड्याला एकजण तरी येतोच, रुमालात गुंडाळलेली हार्ड डिस्क आणि वाक्य ठरलेलं, "भावा, डिस्क उडाली." उडाली म्हणजे काय झालं विचारलं की म्हणतो, "दिसंना झालीय." आता या 'दिसंना'मध्ये दोन पूर्ण वेगळे आजार आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की डेटा गेला रंकाळ्यात.

गेल्या लग्नसराईत एकाच दिवशी दोन आल्या. एक गंगावेशीतल्या फोटोग्राफरची, त्यात चार लग्नं. दुसरी शिरोली एमआयडीसीतल्या एका ऑफिसची, त्यात सगळे हिशेब. दोन्ही कॉम्प्युटरला दिसत नव्हत्या, बाहेरनं बघितलं तर जुळ्या बहिणी.

योगायोगानं आमचे दाजी बसले होते, उद्यमनगरात आयुष्यभर लेथवर काम केलेला माणूस. त्यांनी सरळ स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक डिस्कवर टेकवलं, मूठ कानाला, बेअरिंगचा आवाज ऐकतात तसं. फोटोग्राफरची चालू केली तर टक... टक... टक... आणि गप्प. "ही आतनं आपटायलीय," दाजी म्हणाले. ऑफिसची चालू केली तर एकदम गुळगुळीत फिरत होती, टकटक नाही, घरघर नाही. "हिला काय झालंय? ही तर बरी हाय की!" मशीन म्हणून खरंच बरी होती, पण बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, साईझ दाखवत होती शून्य.

पहिली मेकॅनिकल. हेड म्हणजे वाचणारा काटा, तो फिरत्या प्लेटच्या वर अवघे काही नॅनोमीटर तरंगतो, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा हजारो पट कमी अंतर. डिस्क पडली की हेड वाकतं किंवा प्लेटला घासतं, मग त्याला खुणाच सापडत नाहीत, म्हणून परत परत मागे जाऊन शोधतं आणि तीच ती टकटक. इथं एकच नियम, वायर काढा. 'अजून एकदा लावून बघू' यानेच जास्त वाट लागते कारण प्रत्येक वेळी ते हेड प्लेट खरवडत असतं. फ्रीजमध्ये ठेवणं, टेबलावर आपटणं, घरात झाकण उघडणं, हे सगळं यूट्यूबवर दिसलं तरी करू नका. झाकण क्लीन रूममध्येच, म्हणजे धुळीचा कण नसलेल्या खोलीतच उघडायचं असतं.

दुसरी फर्मवेअरची. डिस्कच्या आत स्वतःचा एक छोटा कॉम्प्युटर असतो, त्याचा प्रोग्रॅम म्हणजे फर्मवेअर, थोडा खालच्या हिरव्या सर्किटवरच्या चिपमध्ये आणि बाकीचा प्लेटवरच्याच राखीव जागेत, जी विंडोजला कधीच दिसत नाही. हा प्रोग्रॅम अडकला की प्लेट ठणठणीत, हेड ठणठणीत, डेटा जागेवर, फक्त दार उघडणारा बेशुद्ध. गाजलेलं उदाहरण म्हणजे सीगेट कंपनीची बाराकुडा ७२००.११ मालिका, जानेवारी २००९ मधला गोंधळ. आतल्या लॉगची, म्हणजे नोंदवहीची मोजणी ३२० वर आली (किंवा पुढच्या काही ठराविक आकड्यांवर) आणि तेव्हाच डिस्क चालू झाली की काही डिस्क जाग्याव लटकायच्या. कुणाला बिझी दिसायच्या, कुणाला शून्य साईझ. त्यावर जे दुरुस्तीचं फर्मवेअर आलं त्यानेच काही ५०० जीबीवाल्या पुन्हा बंद पडल्या, मग ते मागं घ्यावं लागलं. वैद्यच आजारी!

शिरोलीवाल्यानं यायच्या आधी एक उद्योग केला होता, तसल्याच दुसऱ्या डिस्कचं सर्किट काढून हिला लावलेलं. लई जणांना वाटतं सर्किट बदललं की झालं, पण त्या चिपमध्ये त्याच डिस्कच्या हेडची मापं असतात, प्रत्येक डिस्कची वेगळी. चिप न हलवता नुसतं सर्किट बदलणं म्हणजे दुसऱ्याचा चष्मा घालून वाचायला बसणं. आणि 'इनिशियलाईज करू का' असं विंडोजनं विचारलं तर नाही म्हणायचं, फॉरमॅट तर नावच काढू नका.

पण फर्मवेअर म्हणजे सोपं असंही नाही हं. एसएसडीत, म्हणजे फिरती प्लेट नसलेल्या, नुसत्या चिपवाल्या डिस्कमध्ये तर उलटंच होऊ शकतं. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये सर्व्हर बनवणाऱ्या एचपीई कंपनीनं सांगितलं की त्यांच्या काही एसएसडी ३२,७६८ तास चालल्या की बंद पडणार, आणि एकदा पडल्या की डिस्क पण गेली आणि डेटा पण गेला. तो आकडा म्हणजे २ चा १५ वा घात, तास मोजणाऱ्या प्रोग्रॅमची आकडा ठेवायची जागा तिथंच संपली. तीन वर्षं २७० दिवस ८ तास. उपाय एकच, त्याआधी नवीन फर्मवेअर.

मला यातला सगळ्यात भीतीदायक फरक हा वाटतो. हेड जातं तेव्हा शक्यतो एकटी डिस्क जाते, म्हणून दोन डिस्कचा आरसा, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा, ठेवला की माणूस निवांत असतो. फर्मवेअरचा बग मात्र त्या मॉडेलच्या सगळ्या भावंडांत असतो, आणि एकाच दिवशी लावलेल्या डिस्क एकाच सुमारास तास पूर्ण करतात. मग आरशातलं प्रतिबिंबही त्याच दिवशी गेलं. आणि डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो प्रोग्रॅममध्ये खराब सेक्टर, म्हणजे डेटाचे बिघडलेले कप्पे, वाढताना दिसले तर आधी जाग येते तरी, फर्मवेअरवाली काल ठणठणीत, आज गायब.

दोन्ही डिस्क पुण्याच्या लॅबला पाठवल्या. ऑफिसची अख्खी परत आली. फोटोग्राफरची तीन लग्नं आली, चौथ्याची हळद आली पण अक्षता नाही, कारण त्यानं टकटक ऐकूनही रात्रभर चालू ठेवली होती. शिरोलीवाला आता बॅकअपची डिस्क मुद्दाम वेगळ्या कंपनीची घेतो, आणि फर्मवेअर अपडेट करायच्या आधी फोन करतो. मी विचारतो, "कॉपी काढलीस का? यूपीएस लावलाय का?" लावलेला नसतोच.