जोडीदाराला स्वतः सांगणं आणि समुपदेशकानं सांगणं

एचआयव्हीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की अनेकांच्या मनात पहिली धास्ती असते ती ‘आता हे लोक घरी कळवणार’ ही. या भीतीपायी माणसं चाचणी टाळतात, औषधं सुरू करायला उशीर करतात. म्हणून स्वतः सांगण्याची जबाबदारी कुठवर आणि डॉक्टर-समुपदेशकांचा अधिकार कुठवर, हे नीट समजून घ्यायला हवं. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्यात (२०१७) या दोन्हींसाठी वेगवेगळी कलमं आहेत.

तुमची जबाबदारी कलम १० मध्ये आहे. लागण कशी होते हे ठाऊक असलेल्या व्यक्तीनं ती दुसऱ्याला होऊ नये म्हणून योग्य ती खबरदारी घ्यायची. शरीरसंबंधाआधी सांगणं हा त्या खबरदारीचा एक मार्ग. धोका कमी करणारे इतर उपायही त्यात येतात. कंडोम आहेच. एआरटी (एचआयव्हीवरची औषधं) नियमित घेऊन व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) चाचणीत सापडणार नाही इतका खाली आला आणि तसाच राहिला, तर संभोगातून लागण होत नाही. उपचार लवकर सुरू केल्यानं जोडीदार वाचतो हे २०११ मध्ये दाखवून देणाऱ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात पुण्यातली जोडपीही होती. तरीही माझं मत विचाराल, तर कायमच्या जोडीदाराला सांगावंच. त्यालाही चाचणी करून घेण्याची आणि गरज असेल तर उपचार घेण्याची संधी मिळायला हवी.

समुपदेशकानं सांगणं हा कलम ९ चा विषय, आणि तिथे अटी कडक आहेत. सांगू शकतात फक्त डॉक्टर किंवा समुपदेशक. नर्स नाही, लॅबमधला माणूस नाही. कायद्याच्या व्याख्येत ‘जोडीदार’ म्हणजे पती-पत्नी किंवा लग्नासारख्या नात्यातली व्यक्ती. सासू, भाऊ, मालक त्यात बसत नाहीत. जोडीदाराला लागणीचा मोठा धोका असावा लागतो, तुम्हाला सांगण्याविषयी आधी समुपदेशन झालेलं असावं लागतं, तरीही तुम्ही सांगणार नाही अशी खात्री पटावी लागते आणि ‘आता आम्ही सांगणार आहोत’ हे तुम्हाला कळवावं लागतं. मग जोडीदाराचं समुपदेशन करून, समोरासमोर. फोनवर किंवा चिठ्ठीनं नाही.

बाईच्या बाबतीत दोन्ही कलमं थांबतात. सांगितल्यावर मारहाण होईल, घराबाहेर काढतील अशी रास्त भीती असेल, तर समुपदेशकानं नवऱ्याला सांगायचं नाही आणि कलम १० चा भारही तिच्यावर येत नाही. नवऱ्याआधी बायकोची चाचणी गरोदरपणात होते आणि ‘हिनंच आणलं’ म्हणून तिलाच दोष दिला जातो, हे आपल्याकडे पुष्कळ घडतं. त्यामुळे ही तरतूद मला फार मोलाची वाटते.

एकट्यानं सांगायचा धीर होत नसेल, तर जोडीदाराला चाचणी-समुपदेशन केंद्रावर घेऊन या. समुपदेशक शेजारी असताना तुम्हीच सांगा. आधी कुणाशी बोलायचं असेल तर १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे.