ड्रॉसच्या धंद्यात खरी स्पर्धा मिठाशी

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत, वितळलेला धातू साच्यात दाबून सुटे भाग घडवणाऱ्या कुठल्याही डायकास्टिंग शॉपमध्ये भट्टीपाशी थोडा वेळ थांबा. वितळलेल्या एडीसी-१२ या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूवर, दुधावर धरावी तशी करडी साय धरते. कामगार लांब दांड्याच्या झाऱ्याने ती ओढून लोखंडी ट्रॉलीत टाकतो. हाच ड्रॉस. दिसतो राखेसारखा, पण गार झाल्यावर ढेकूळ उचललं तर हाताला वजन लागतं, कारण आत धातूचे थेंब अडकलेले असतात. ते थेंब कमीत कमी प्रदूषण करून कोण काढणार आणि कुणाचं तंत्र बाजी मारणार, यावर आपल्याकडचे गुंतवणूकदार आता हिरीरीने बोलू लागले आहेत. मला वाटतं, या चर्चेत सगळ्यात मोठा प्रतिस्पर्धी मोजलाच जात नाही. तो म्हणजे मीठ.

अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्याच्यावर चढणारं ऑक्साइडचं कवच दोन हजार अंशांपर्यंत दाद देत नाही. ते फोडायला फिरत्या भट्टीत सोडियम आणि पोटॅशियम क्लोराइडचं मिश्रण टाकतात. मीठ वितळून कवच सोडवतं, थेंब एकत्र येऊन तळाशी बसतात. स्वस्त, सोपं, कुणालाही जमणारं काम. मागे उरते ती मिठाची खरड. दुय्यम, म्हणजे भंगार-ड्रॉसपासून परत मिळवलेल्या धातूच्या टनामागे साधारण २०० ते ५०० किलो अशी खरड निघते, असं धातुशास्त्रात सांगितलं जातं.

या खरडीला पाणी लागलं की काय होतं ते मी एका शेडच्या मागे पहिल्या पावसात अनुभवलं आहे. ढिगातून बारीक बुडबुडे, हाताला जाणवणारी ऊब आणि नाक झोंबवणारा अमोनिया. ड्रॉसमधल्या नायट्राइडची पाण्याशी क्रिया होऊन तो वायू सुटतो. सोबत मिथेन आणि हायड्रोजनही निघतात. वायू उडून जातो, मीठ मात्र जमिनीत उतरतं. आपल्याकडे काळ्या पाषाणाच्या भेगांतून जेमतेम साठणारं विहिरीचं पाणीच गावाचा आधार असतं. ते एकदा खारं झालं तर गोडं कोण करून देणार?

मीठ टाळायची धडपड जुनी आहे. कॅनडाच्या अल्कॅनने क्वेबेकमधल्या जोंकिएर इथे १९९० च्या सुमारास प्लाझ्मा टॉर्चने, म्हणजे विजेने अतितप्त केलेल्या वायूच्या झोताने, ड्रॉस तापवणारा कारखाना उभारला. तंत्र चाललं, तरीही जगभर मिठाच्या भट्ट्या बंद पडल्या नाहीत. खरड टाकायला जागा फुकटात किंवा स्वस्तात मिळत असेल, तर महागडी भट्टी कोण घेणार?

पुढे कॅनडाच्याच पायरोजेनेसिसने ड्रॉसराइट आणलं. बंद भट्टी, हवेऐवजी आर्गॉन हा निष्क्रिय वायू, आणि उरलेला थोडासा धातू जाळून पुढच्या घाण्यासाठी उष्णता. २०१९ साली सौदी अरेबियासाठी अशा सात यंत्रणांचा करार झाला, आणि छोट्या गुंतवणूकदारांचं लक्ष तिकडे वळलं. ब्रिटनच्या अल्टेकची वाट वेगळी: गरम ड्रॉस प्रेसमध्ये दाबून जागच्या जागीच धातू पिळून काढायचा. ही कंपनी अमेरिकेच्या हार्स्कोने २०१८ मध्ये विकत घेतली. म्हणजे एकाचा भर भट्टीवर, दुसऱ्याचा भट्टीआधीच्या टप्प्यावर. दोघांना एकाच तराजूत तोलणं चुकीचं आहे, कारण दाबलेला ड्रॉसही पुढे कुठल्या तरी भट्टीतच जातो.

भारतात घातक कचऱ्याचे नियम १९८९ पासून आहेत. २०१६ च्या नियमांच्या यादीत अ‍ॅल्युमिनियमचा ड्रॉस स्पष्ट नोंदलेला आहे. ओडिशात झारसुगुड्याच्या मोठ्या स्मेल्टरच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम तयार करणाऱ्या कारखान्याच्या, ड्रॉसवर रुनाया कंपनीने टाहा या परदेशी भागीदारासोबत प्रक्रिया सुरू केली. तिथे माल एका जागी, रोज, गाडीभर मिळतो. परदेशी यंत्रांचा हिशेब अशाच ठिकाणी बसतो.

वाळूजचं गणित निराळं. बजाजचा कारखाना १९८५ साली इथे आला, त्याच वर्षी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एन्ड्युरन्सनेही इथेच डायकास्टिंगपासून सुरुवात केली, आणि त्यांच्या आजूबाजूला लहान शेड उभ्या राहिल्या. अशा शेडमध्ये दिवसाकाठी ड्रॉसच्या एखाद-दोन ट्रॉल्या निघतात. त्या किलोच्या भावाने उचलणाऱ्या व्यापाऱ्याच्या गाडीत पडतात आणि पुढे मिठाच्या भट्टीत जातात. खरड पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावसारख्या घातक कचऱ्याच्या केंद्रात रीतसर पाठवायची तर गाडीभाडं वेगळं, शुल्क वेगळं. नियम पाळणाऱ्या भट्टीवाल्याला हा खर्च पडतो आणि न पाळणारा त्याच्यापेक्षा चढा भाव देऊन ड्रॉस उचलतो. जवळच्याच बिडकीन औद्योगिक वसाहतीत विजेवरच्या गाड्यांचे कारखाने येत आहेत. त्यांच्या मोटरच्या आणि बॅटरीच्या पेट्याही बऱ्याच अंशी याच धातूच्या, म्हणजे ट्रॉल्या वाढतील. त्या एका जागी गोळा करून मिठाशिवाय गाळणारं सामाईक केंद्र शेंद्रा-बिडकीनच्या पट्ट्यात कोण उभारतंय, याकडे मी डोळे लावून बसलो आहे.