एनए जमिनीचं, आरएल प्लॉटचं

भाच्याचा फोन आला तेव्हा तो बेसा रोडवरच्या एका फ्लेक्सखाली उभा होता. "मामा, इथं लिहिलंय, एनएटीपी, आरएल, तात्काळ रजिस्ट्री. ४१ नंबरचा प्लॉट मला आवडला. एनए आहे म्हणजे आरएल आलंच ना?" मागून विकणाऱ्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला, "दादा, सगळं क्लिअर आहे, आता काय पाहून राहिले?"

नागपुरात प्लॉट पाहायला निघालेल्या माणसाला हे दोन शब्द इतक्यांदा जोडीने ऐकू येतात की ते एकाच कागदाचं जोडनाव वाटायला लागतं. प्रत्यक्षात हे दोन कागद दोन वेगळ्या खात्यांतून येतात. एनए म्हणजे शेतजमीन दुसऱ्या कामाला वापरायची परवानगी, आरएल म्हणजे प्लॉट कायदेशीर असल्याचं नियोजन प्राधिकरणाचं पत्र. फ्लेक्सवरचं एनएटीपी म्हणजे एनए आणि टाउन प्लॅनिंगची, म्हणजे नगररचनेची मंजुरी. एनए जमिनीचं होतं, आरएल प्लॉटचं. एवढं डोक्यात पक्कं बसलं तर बाकीचा गोंधळ बराचसा सुटतो.

आधी एनए. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे शेतीची जमीन घर, दुकान, कारखाना अशा कामाला वापरायची तर महसूल खात्याची परवानगी लागते. ही अकृषिक परवानगी म्हणजे एनए. कलम ४४ खाली कलेक्टरकडे अर्ज, मग आदेश, मग सनद (परवानगीच्या अटी लिहिलेला सरकारी दाखला), असा हा जुना रस्ता. आदेश मिळाल्यावर एका वर्षाच्या आत नवा वापर सुरू करावा लागतो आणि सुरू केल्यावर ३० दिवसांत तहसीलदाराला कळवावं लागतं. महसूल खातं जमीन ओळखतं ती मौजा म्हणजे गाव, खसरा नंबर म्हणजे जमिनीचा सर्व्हे नंबर, आणि पटवारी हलका म्हणजे तलाठ्याचा सजा, यांवरून. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, मालक सातबाऱ्यावर. त्याला मुख्यतः एकच गोष्ट हवी असते: या जमिनीवर तूर-सोयाबीन आहे की आणखी काही, आणि त्याप्रमाणे सारा किती. तुमचा कोपऱ्याचा, पूर्वमुखी, तीस बाय पन्नास प्लॉट हा एनएचा मुख्य विषयच नाही.

हल्ली विकणारे बेधडक सांगतात, "एनएची गरजच नाही राहिली." हे अर्धं खरं आहे. अंतिम विकास आराखड्यात आलेल्या जमिनीला कलम ४२-ब प्रमाणे वेगळ्या एनए आदेशाची गरज राहत नाही. रूपांतरण कर आणि अकृषिक आकारणी भरली की आराखड्यात दाखवलेल्या वापरापुरती ती जमीन अकृषिक मानली जाते. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या निवासी वापरासाठी ४२-ड आहे. पण सुटका झाली ती एनएच्या आदेशातून. लेआउट, म्हणजे जमिनीत प्लॉट आणि रस्ते कसे पडणार याची आखणी, मंजूर करून घेण्यातून कोणी कोणाला सोडलेलं नाही. शिवाय सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ (विक्रीवर सरकारी बंधन असलेली जमीन) असं लिहिलेलं असेल तर नजराणा, म्हणजे सरकारला भरायची रक्कम, आणि परवानगी हे वेगळंच प्रकरण. ते निस्तरल्याशिवाय पुढे जाऊच नये.

आता आरएल. हे देतं नियोजन प्राधिकरण. शहरात बहुतेकांच्या तोंडी नासुप्र असतं, म्हणजे १९३६ च्या कायद्याने जन्मलेला नागपूर सुधार प्रन्यास. शहराबाहेरच्या ७१९ गावांच्या महानगर क्षेत्रात एनएमआरडीए, म्हणजे नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. मधल्या काळात प्रन्यास बरखास्त करायचं ठरलं, मग ते फिरलं, आणि त्या दिवसांत आपली फाईल सदरला प्रन्यासच्या कार्यालयात आहे की महानगरपालिकेत, हे शोधण्यात लोकांच्या चपला झिजल्या.

गंमत अशी की आरएल या दोन अक्षरांतही दोन निरनिराळे कागद लपले आहेत. एक रिलीज लेटर. मालकाने रीतसर लेआउट मंजूर करून घेतलं, रस्ते, गडरलाइन (सांडपाण्याची लाइन), पाण्याची लाइन, विजेचे खांब ही कामं केली की प्राधिकरण त्यातले प्लॉट मोकळे करतं. दुसरं रेग्युलरायझेशन लेटर. आधी प्लॉट पडले, विकले गेले, घरं उभी राहिली आणि मग कायदा मागून धावत आला, त्याचा हा कागद. फ्लेक्सवर नुसतं 'आरएल' लिहिलेलं असतं. कोणतं, ते विचारावं लागतं, आणि विचारलं की विकणारा जरा थबकतो.

हा दुसरा आरएल समजून घ्यायचा तर जुनं नागपूर आठवावं लागेल. मानेवाडा, वाठोडा, चिखली, नारी ही तेव्हा शहराच्या कडेची शेतं होती. एखादी गृहनिर्माण सोसायटी शेतकऱ्याकडून चार-पाच एकर घ्यायची, निळ्या कागदावर नकाशा काढायची आणि हप्त्यांवर प्लॉट विकायची. गिरणीतले कामगार, शाळेतले शिक्षक, कारकून, सगळ्यांनी असेच घेतले. रजिस्ट्री होत असे, कारण रजिस्ट्री करणारं कार्यालय दस्त नोंदवतं, लेआउट मंजूर आहे की नाही याची हमी देत नाही. अशा वस्त्या वाढत गेल्या आणि नागपुरात '५७२ लेआउट', '१९०० लेआउट' हे आकडे गावांच्या नावासारखे बोलले जाऊ लागले. अजूनही कोणी म्हणतं, "आमचं १९०० मध्ये येते."

यांच्यासाठी राज्याने २००१ मध्ये गुंठेवारी कायदा केला. खासगी जमिनीचे विनापरवाना तुकडे पाडून झालेले प्लॉट, प्रशमन शुल्क (नियमभंग मिटवण्याची रक्कम) आणि विकास शुल्क घेऊन नियमित करायचे, असा त्याचा गाभा. सुरुवातीची मुदत १ जानेवारी २००१ पर्यंतच्या प्लॉटांची होती. २०२१ च्या दुरुस्तीने ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. सरकारी जमिनीवरचं अतिक्रमण यात बसत नाही, हे कितीदा सांगितलं तरी लोक विचारतातच.

माझ्या स्वतःच्या प्लॉटचा आरएल समोर ठेवून सांगतो. वर मौजा आणि खसरा, खाली प्लॉट नंबर, चतुःसीमा, क्षेत्रफळ, सोबत नकाशाचा तुकडा. विक्रीपत्रात माझे १५०० चौरस फूट. आरएलमध्ये १२८.२१ चौरस मीटर, म्हणजे १३८० चौरस फूट. उरलेले १२० गेले कुठे? सोसायटीने रस्ता अरुंद आखला होता. तो नियमाप्रमाणे रुंद दाखवताना माझ्या तीस फुटी दर्शनी भागातले चार फूट रस्त्यात गेले. आई कितीतरी दिवस तुळशीवृंदावन कुठे सरकवायचं यावर बोलत होती. पैसे मी १५०० चे भरले होते, पण बांधकामाला हिशेबात धरणार ते १३८०. म्हणून जुना प्लॉट घेताना विक्रीपत्रातला आकडा वाचून भाव ठरवू नका, आरएलमधला आकडा वाचून ठरवा. आणि याच खसऱ्याचा सातबारा काढला तर त्यावर अजून मूळ शेतकऱ्याच्या वारसांची नावं! सोसायटीने फेरफार करून घेतलाच नव्हता. म्हणजे प्लॉट नियमित, पण महसुली नोंद मागे राहिलेली. दोन खाती दोन वह्या ठेवतात ती अशी.

यातूनच मालकाच्या हक्काचा प्रश्न येतो. एनए किंवा आरएल, दोघांपैकी कोणीही तुम्हाला मालक करत नाही. मालकी येते नोंदणीकृत विक्रीपत्राने, आणि ते देणाऱ्याकडे मुळात मालकी असली तरच. नुसत्या आममुखत्यारपत्रावर झालेल्या विक्रीने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्वच्छ सांगितलं आहे, तरी आपल्याकडे 'पॉवर ऑफ अॅटर्नीवर घेतला' हे वाक्य मोठ्या आत्मविश्वासाने म्हटलं जातं. घरटॅक्सची पावती तर त्याहून हलकी. कर भरला म्हणजे बांधकाम कायदेशीर झालं, असा अर्थ कुठेच नाही.

मग या कागदांचा उपयोग काय? एनए नसताना शेतजमीन घरासाठी वापरली तर महसूल खातं दंड लावू शकतं. आरएल नसेल तर घराचा नकाशा मंजूर होत नाही, आणि बँकेतला माणूस फाईल चाळून सभ्यपणे परत करतो. आरएल हातात असेल तर मालक म्हणून हक्काने अर्ज टाकता येतो. बांधायची परवानगी मात्र तिसरीच. २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीने १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवरच्या छोट्या घरासाठी ती बरीच सोपी केली आहे, पण प्लॉटच कायदेशीर नसेल तर त्या सोपेपणाचा फायदा नाही.

एक गोष्ट मात्र सगळ्यात जास्त फसवते. समजा एनए आदेश अस्सल, सनद अस्सल, पूर्ण खसऱ्याची. मंजूर नकाशात मोकळी जागा सोडलेली, ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या लेआउटमध्ये नियमाने दहा टक्के सोडावीच लागते. नंतर विकणारा त्या मोकळ्या जागेतच आणखी प्लॉट पाडतो. जमीन अकृषिक आहेच, त्यामुळे एनएची झेरॉक्स खरी. रजिस्ट्रीही होते. फक्त तो प्लॉट लेआउटच्या मैदानात असतो आणि त्याला आरएल कधी मिळत नाही. अशा वेळी लोक विकास आराखड्यातल्या आरक्षणाचा नियम लावायला जातात. दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही तर नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली नोटीस द्यायची, पुढच्या २४ महिन्यांत पावलं उचलली गेली नाहीत तर आरक्षण उठतं, हा तो नियम. तो आराखड्यातल्या आरक्षणासाठी आहे. लेआउटमधल्या मोकळ्या जागेला त्याचा आधार नाही. तिथे भांडण विकणाऱ्याशीच, पैसे परत मिळवण्याचं.

हे सगळं भाच्याला फोनवर सांगितलं नाही. दोनच कामं सांगितली: खसऱ्याचा सातबारा काढ, आणि मंजूर लेआउटच्या नकाशाची नक्कल प्राधिकरणाच्या कार्यालयातून आण, विकणाऱ्याने दिलेली झेरॉक्स नको. सातबारा त्याला मोबाईलवरच मिळाला. अकृषक असंच लिहिलेलं, एनएचं बोलणं खरं निघालं. नकाशाला आठवडा लागला. मग संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर फोटो आला आणि लगेच फोन.

"मामा, नकाशात प्लॉट ३६ पर्यंतच आहेत."

"मग ४१ कुठे आहे?"

"जिथे ४१ पाहिजे तिथे हिरवा रंग आहे. त्याला विचारलं तर म्हणतो, रिव्हाइज होऊन राहिला आहे, महिन्याभरात येते, तोवर टोकन तर द्या."

टोकन त्याने अजून दिलेलं नाही. प्लॉट २९ बद्दल विचारतोय, पण त्याच्या समोरून हायटेन्शन लाइन जाते.